साखरेचं तेल करणारं यीस्ट: उताऱ्याचा हिशेब

कोल्हापूरकडच्या माणसाला ‘उतारा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो ऊस गाळून बारा किलो साखर हाती आली, तर उतारा बारा टक्के. कारखान्याचं वर्ष कसं जाणार हे त्या एका आकड्यावर ठरतं. हे प्रकरणही उताऱ्याचंच आहे. फक्त इथे साखर हा कच्चा माल आहे, निघतं ते तेल आणि घाण्याच्या जागी आहे एकपेशीय यीस्ट.

यीस्टचं नाव यारोविया लिपोलिटिका. प्रयोगशाळा अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधली, म्हणजे एमआयटीतली. प्रमुख ग्रेगरी स्टेफानोपुलस. पेशीतल्या रासायनिक वाटा मुद्दाम वळवून हवा तो पदार्थ काढायचा, या चयापचय अभियांत्रिकी नावाच्या शाखेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. २०१३ ते २०१७ या काळात त्यांच्या गटाने या एकाच यीस्टवर एकामागून एक तीन मोठे बदल करून पाहिले. विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण दरवर्षी शिकवतो. प्रत्येक टप्प्यावर अडचण वेगळ्या ठिकाणी सापडते, आणि शेवटची अडचण अशा जागी निघते जिथे सुरुवातीला कुणी बोट ठेवलं नसतं.

आधी या यीस्टची ओळख करून देतो. पावाचं यीस्ट सगळ्यांना माहीत असतं. ते साखरेचा अल्कोहोल करतं आणि तेल जेमतेम साठवतं. यारोवियाचं तसं नाही. तिला प्राणवायू लागतोच, अल्कोहोल ती बनवत नाही आणि तेलकट जागा तिला मानवतात. चीजमध्ये, सॉसेजमध्ये, तेलाने माखलेल्या पाण्यात ती सापडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश पेट्रोलियमने खनिज तेलातल्या पॅराफिनवर यीस्ट वाढवून जनावरांसाठी प्रथिनांचा खुराक तयार करण्याचे मोठे प्रकल्प उभारले होते, त्यात हिचाही वापर झाला. १९७३ नंतर खनिज तेल महाग झालं आणि तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. ज्या जिवाला तेल खाऊ घालत होते त्याच जिवाकडून आता तेल करून घ्यायचं, असा हा उलटा प्रवास आहे. २००४ मध्ये तिच्या सहा गुणसूत्रांचा पूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. त्यामुळे कोणतं जनुक कुठे बसलंय हे शोधत बसण्याची वेळ पुढच्या संशोधकांवर आली नाही.

ज्या सूक्ष्मजीवाच्या कोरड्या वजनात २० टक्क्यांहून जास्त तेल असतं त्याला तेलिया म्हणतात. सोयाबीनच्या दाण्यात साधारण तेवढंच तेल असतं. भुईमुगाच्या दाण्यात जवळपास निम्मं. हे दोन आकडे पुढे तुलनेला उपयोगी पडतील.

उपाशी ठेवलं की तेल साठतं

यीस्ट तेल साठवतं ते भरल्या घरात नव्हे, एका विशिष्ट टंचाईत. साखर मुबलक द्यायची आणि नायट्रोजन तोडायचा. नायट्रोजन नसला की प्रथिनं बनत नाहीत, प्रथिनं नसली की नवी पेशी होत नाही. साखर मात्र आत येतच राहते. मग तिचं करायचं काय?

ही साखळी ब्रिटनमधल्या हल विद्यापीठात कॉलिन रॅटलेज यांच्या गटाने उलगडली. नायट्रोजन संपला की पेशी एएमपी नावाचा रेणू फोडून त्यातला अमोनिया काढून घेते. एएमपी कमी झालं की मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) मंदावतं, कारण तेलिया यीस्टमध्ये त्याला चालू राहायला एएमपी लागतं. विकर मंदावलं की मागे सायट्रेट तुंबतं आणि मायटोकॉन्ड्रियाबाहेर पेशीद्रवात येतं. तिथे एटीपी-सायट्रेट लायेज ते तोडतं आणि ॲसिटिल-कोए हाती येतो. तेलाची प्रत्येक साखळी याच दोन कार्बनच्या तुकड्यांतून विणली जाते. पावाच्या यीस्टकडे हे तोडणारं विकर नसतं. म्हणूनच ते उपाशी राहिलं तरी लठ्ठ होत नाही.

हे फळ्यावर लिहायला सोपं जातं. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वेळी मात्र तेल दिसलंच नाही. माध्यमात सवयीने यीस्ट एक्स्ट्रॅक्ट नेहमीच्या मापाने घातलं होतं आणि त्यातला नायट्रोजन कुणीच मोजला नव्हता. शेकरवरच्या फ्लास्कमध्ये तीन दिवसांत दुधासारखं दाट कल्चर झालं. सगळे खूश होते. तेलाचे थेंब उजळवणारा नाइल रेड रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी भरपूर, पण आत उजळ काही नाही. दुसऱ्या वेळी अमोनियम सल्फेट मोजून कमी घातलं, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट जवळपास काढूनच टाकलं. कल्चर पातळ दिसत होतं आणि मुलांचे चेहरे उतरले होते. पण रंग घातल्यावर प्रत्येक पेशीत एक-दोन पिवळे सोनेरी थेंब चमकत होते. काही पेशींत थेंब इतका मोठा होता की बाकीचा सगळा संसार भिंतीला चिकटून बसलेला. दाट कल्चर म्हणजे जास्त तेल हा समज त्या दिवशी सगळ्यांचाच गेला, माझाही.

पहिला टप्पा: ढकल आणि ओढ

२०१३ मध्ये मिचेल ताई आणि स्टेफानोपुलस यांनी पहिला बदल केला. त्यांनी तेलाच्या वाटेचं एक सुरुवातीचं आणि एक शेवटचं दार निवडलं.

सुरुवातीचं दार म्हणजे ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज, जनुकाचं नाव एसीसी१. ॲसिटिल-कोएचा मॅलोनिल-कोए करून तो माल तेलाच्या वाटेवर ढकलण्याचं काम हे विकर करतं. शेवटचं दार डीजीए१, तयार झालेल्या साखळ्यांतली शेवटची ग्लिसरॉलच्या कण्यावर चढवून ट्रायग्लिसराइड, म्हणजे तेलाचा रेणू, पुरं करणारं. एक मागून रेटतं, दुसरं पुढून ओढतं. ओढ का हवी, हे समजून घेण्यासारखं आहे. मोकळ्या फॅटी ॲसिल-कोए साखळ्या पेशीत साचू लागल्या की त्या उलट जाऊन एसीसीलाच अडवतात. गोदाम भरलं की दारातली गाडी थांबते, तसंच. डीजीए१ गोदाम रिकामं ठेवतं.

जनुकं जोरात चालवायला त्यांनी यारोवियाचाच टीईएफ प्रमोटर, म्हणजे जनुक किती जोरात चालायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा, घेतला, पण त्याच्या मागचा इंट्रॉन कापून न टाकता तसाच ठेवला. इंट्रॉन म्हणजे जनुकातला तो भाग जो प्रथिनात उतरत नाही, आणि अभियांत्रिकी करताना बहुतेक जण तो पहिल्यांदा छाटतात. इथे तो ठेवल्याने जनुकाचा आवाज इंट्रॉन नसलेल्या प्रमोटरपेक्षा १७ पट वाढला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कचरा समजून काढलेल्या तुकड्यात इतकी ताकद असू शकते, हे कुणीतरी दोन्ही करून मोजल्याशिवाय कळत नाही.

निकाल असे आले. मूळ वाणात, त्यांच्या परिस्थितीत, तेल कोरड्या वजनाच्या ८.७७ टक्के होतं. फक्त एसीसी१ वाढवल्यावर १७.९ टक्के. फक्त डीजीए१ वाढवल्यावर ३३.८ टक्के. दोन्ही मिळून ४१.४ टक्के. ढकलण्यापेक्षा ओढण्याने जास्त काम केलं, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं, आणि बऱ्याच जणांच्या अंदाजाविरुद्ध ते होतं. पाठ्यपुस्तकं एसीसीला तेलाच्या वाटेची चावी म्हणतात. चावी तीच असेलही, पण गोदामाचं दार बंद असताना चावी फिरवून काही होत नाही.

मग तेच दुहेरी वाण फ्लास्कमधून बायोरिॲक्टरमध्ये नेलं, जिथे हवा, आम्लता आणि साखर सांभाळता येते. १२० तासांनी तेल ६१.७ टक्क्यांवर पोहोचलं. भुईमूग मागे पडला. उतारा दर ग्रॅम साखरेला ०.१९५ ग्रॅम, आणि वेग लिटरमागे तासाला ०.१४३ ग्रॅम.

त्याच सुमाराला ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात हॅल अल्पर यांच्या गटाने दुसऱ्या वाटेने हीच यारोविया हाताळली आणि २०१४ मध्ये तेलाचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत नेलं. दहापैकी नऊ भाग तेल आणि एक भाग यीस्ट! आकडा डोळे दिपवणारा आहे आणि काम खरोखर मोठं आहे. पण तिथे लिटरमागे तेल सुमारे २५ ग्रॅम निघालं. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो की टक्केवारी पाहून थांबू नका. टाकी चालवणाऱ्याला तीन आकडे लागतात: लिटरमागे किती, तासाला किती, आणि साखरेचा उतारा किती. पेशीतली टक्केवारी यांपैकी एकही नाही. थोड्या पेशी फार लठ्ठ असल्या तरी टाकी रिकामीच दिसते.

दुसरा टप्पा: लठ्ठ उंदरांकडून शिकलेलं

एमआयटीच्या गटाचा पुढचा प्रश्न होता: दोन्ही दारं उघडली, तरी वाट कुठे अडते? कांगजियान चाओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचं उत्तर यीस्टमध्ये न शोधता सस्तन प्राण्यांत शोधलं. माणसाच्या आणि उंदराच्या पेशी लठ्ठ होतात तेव्हा त्यांच्यात काय बदलतं, त्यावर वैद्यकशास्त्राने भरपूर काम करून ठेवलं आहे. तिथे एक विकर वारंवार पुढे येतं, स्टिअरिल-कोए डीसॅच्युरेज, थोडक्यात एससीडी. हे जनुक काढलेले उंदीर चरबीचं खाणं देऊनही सहजी लठ्ठ होत नाहीत, हे २००२ पासून माहीत होतं.

एससीडी सरळ फॅटी साखळीच्या नवव्या कार्बनवर एक दुहेरी बंध घालतं आणि साखळी तिथे वाकते. एवढ्याशा वाकण्याने किती फरक पडतो ते स्वयंपाकघरात दिसतं. सरळ साखळीचं स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याच लांबीचं पण एका ठिकाणी वाकलेलं ओलिक आम्ल १३ अंशांनाच. थिजणारं वनस्पती तूप आणि न थिजणारं शेंगदाण्याचं तेल यांतला फरक बराचसा हाच. पेशीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की एसीसीला अडवणाऱ्या साखळ्या मुख्यतः सरळ, संपृक्त असतात. एससीडी त्या वाकवतं, म्हणजे अडथळाच वितळवतं.

एसीसी१, डीजीए१ आणि एससीडी अशी तिन्ही जनुकं एका वाणात चालवली तेव्हा लिटरमागे तेल सुमारे ५५ ग्रॅम निघालं. उतारा सैद्धांतिक कमालीच्या ८४.७ टक्के. या वाणाची वाढही मूळ वाणाच्या तिप्पट जोमाने होत होती. ही गोष्ट मला आजही चकित करते. पेशीवर जादा बोजा टाकला की ती मंदावते, असा सगळ्यांचा अनुभव. इथे बोजा टाकल्यावर ती जोमाने वाढली, आणि जास्त साखर तसंच लाकूड-पेंढ्यातून निघणाऱ्या साखरा सहन करण्याची तिची ताकदही वाढली. सरळ साखळ्या पेशीला नुसत्या अडवत नव्हत्या, त्रासही देत होत्या, असं मी यावरून समजतो.

सैद्धांतिक कमाल म्हणजे नक्की किती

८४.७ टक्के ज्या कमालीचे, ती कमाल आली कुठून? हा हिशेब कागद-पेन्सिलीने करता येतो आणि मी तो वर्गात प्रत्येकाकडून करून घेतो. पुढचा सगळा टप्पा यावर उभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

सोळा कार्बनचं पामिटिक आम्ल घ्या. ते दोन-दोन कार्बनच्या आठ तुकड्यांचं बनतं. एका ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. त्यातले दोन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात आणि दोन ॲसिटिल-कोए उरतात. म्हणजे आठ तुकड्यांना चार ग्लुकोज. ग्लुकोजचं रेणूभार १८०, चारांचा ७२०. पामिटिक आम्लाचा २५६. भागिले तर उतारा ३५.६ टक्के.

पण साखळी नुसत्या कार्बनवर विणली जात नाही. प्रत्येक जोडणीला एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूचे दोन नग लागतात, कारण साखरेतला प्राणवायू काढून तिथे हायड्रोजन बसवायचा असतो. जोडण्या सात, म्हणजे १४ एनएडीपीएच. यारोविया ते मुख्यतः पेंटोज फॉस्फेट मार्गातून मिळवते, जिथे एक ग्लुकोज पूर्ण जाळून १२ एनएडीपीएच सुटतात. १४ साठी १.१७ ग्लुकोज. बांधणीला चार आणि जाळायला १.१७, एकूण ५.१७ ग्लुकोज, वजन ९३०. आता २५६ भागिले ९३०: सुमारे २७.५ टक्के. साखरेपासून तेलाची कमाल म्हणून जो ०.२७ च्या आसपासचा आकडा सांगतात, तो हाच.

आता याच हिशेबात न धरलेली एक गोष्ट पाहा. चार ग्लुकोज ग्लायकॉलिसिसमधून, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या वाटेवरून, जाताना पेशीद्रवात आठ एनएडीएच बनतात. एनएडीएच आणि एनएडीपीएच ही सख्खी भावंडं, फरक एका फॉस्फेटचा. दोघंही इलेक्ट्रॉन वाहून नेतात. पण तेल विणणारं यंत्र फक्त एनएडीपीएच स्वीकारतं. एनएडीएचला तिथे प्रवेश नाही. मग ते मायटोकॉन्ड्रियाकडे जातं आणि प्राणवायूबरोबर जळतं. पेशीला त्यातून एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, मिळतो, पण तेलाच्या दिवसांत तो तिला तेवढा लागतच नाही, आणि उरलेलं उष्णता होऊन जातं. एका हाताने इलेक्ट्रॉन जाळायचे आणि दुसऱ्या हाताने इलेक्ट्रॉनसाठीच जादा साखर फोडायची. घरात तांदूळ भरलेला असताना वाण्याकडून उधारीवर तांदूळ आणण्यासारखं हे आहे, का, तर घरचं पोतं वेगळ्या मापाचं म्हणून.

तिसरा टप्पा: माप बदलणं

आधी खात्री करून घेणं गरजेचं होतं की एनएडीपीएच नेमकं येतं कुठून. तेलिया बुरशींवरच्या जुन्या कामामुळे बऱ्याच जणांचा अंदाज मॅलिक एन्झाइमवर होता. एमआयटीतल्याच थॉमस वासिलेन्को आणि सहकाऱ्यांनी जड कार्बन-१३ घातलेली ग्लुकोज यीस्टला देऊन तो कार्बन कोणत्या वाटेने कुठे पोहोचतो याचा माग काढला. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की यारोवियात भार पेंटोज फॉस्फेट मार्गावरच आहे. हे काम अंदाजावर सोडलं असतं तर पुढचं सगळं चुकीच्या जागी बांधलं गेलं असतं. बातम्यांत अशा मोजणीला जागा मिळत नाही, पण माझ्या मते या प्रकरणाचा कणा तीच आहे.

२०१७ मध्ये चाओ, वासिलेन्को आणि सहकाऱ्यांनी, ढकल-ओढीचा पाया तसाच ठेवून, माप बदलण्याच्या वेगवेगळ्या युक्त्या वापरून १३ वाणं बांधली. काहींत ग्लायकॉलिसिसमधल्या एनएडीएचचं एनएडीपीएच करायचं होतं, काहींत ॲसिटिल-कोएकडे जाणारी दुसरी वाट करायची होती. सर्वांत चांगल्या वाणात दोन गोष्टी एकत्र होत्या.

पहिली, क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या जिवाणूचं एक विकर. ग्लायकॉलिसिसच्या ज्या पायरीवर एनएडीएच तयार होतं त्याच पायरीवर ते काम करतं, पण इलेक्ट्रॉन एनएडीपीकडे देतं. म्हणजे पोतं भरतानाच योग्य मापाचं भरलं.

दुसरी, म्युकर सर्सिनेलॉइड्स या बुरशीचं मॅलिक एन्झाइम. इथे गंमतीदार फेरा आहे. सायट्रेट तुटताना ॲसिटिल-कोएबरोबर ऑक्झॅलोॲसिटेट उरतं. त्याचं मॅलेट होताना एक एनएडीएच खर्ची पडतं. मग मॅलिक एन्झाइम त्या मॅलेटचं पायरुव्हेट करतं आणि एक एनएडीपीएच देतं. आत एनएडीएच, बाहेर एनएडीपीएच, माप बदललं. यारोवियाचं स्वतःचं मॅलिक एन्झाइम हे काम नीट करत नव्हतं, म्हणून बुरशीचं आणावं लागलं.

कागदावर पाहा. आठही एनएडीएच बदलता आले तर १४ पैकी सहाच एनएडीपीएच जाळून मिळवायचे उरतात, त्याला अर्धा ग्लुकोज पुरतो. एकूण साडेचार, वजन ८१०, उतारा ३१.६ टक्के. छतच वर सरकलं. आधीच्या दोन टप्प्यांत जुन्या छताच्या जवळ जाण्याची धडपड होती, तिसऱ्यात छतालाच हात घातला.

प्रत्यक्षात उतारा ०.२७ ग्रॅम आला, तोही यीस्ट वाढवायला लागलेली साखर धरून, संपूर्ण प्रक्रियेचा. वेग लिटरमागे तासाला १.२ ग्रॅम, आणि टाकीत शेवटी लिटरमागे जवळपास ९९ ग्रॅम तेल. २०१३ शी तुलना करा. हजार लिटरची टाकी तेव्हा तासाला १४३ ग्रॅम तेल देत होती, आता सव्वा किलोच्या आसपास.

आणखी एक फायदा झाला, जो कारखाना चालवलेल्या माणसाला लगेच कळतो. एनएडीएच कमी जळत असल्याने यीस्टला प्राणवायू कमी लागू लागला. फ्लास्कमध्ये हवेची अडचण जाणवत नाही. मोठ्या टाकीत हवा पाण्यात विरघळवणं आणि तयार होणारी उष्णता काढणं हाच मोठा खर्च असतो. कॉम्प्रेसर, ढवळणी, थंड पाण्याच्या नळ्या, सगळं त्यासाठी. रसायनाच्या वहीतली एक दुरुस्ती थेट विजेच्या बिलापर्यंत पोहोचली.

तरीही डिझेल का नाही

०.२७ उताऱ्याला एक किलो तेलासाठी सुमारे ३.७ किलो साखर लागते. साखर किलोला ४० रुपये धरली तर नुसत्या साखरेचे १४८ रुपये, त्यावर टाकी, वीज, पेशी फोडून तेल काढणं. खनिज डिझेलशी ही स्पर्धा खाण्याच्या साखरेवर जिंकता येणार नाही, आणि कितीही हुशारीने जनुकं बसवली तरी ३१-३२ टक्क्यांचं छत आहेच. हे काम करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून स्टेफानोपुलस यांच्या गटाने साखर सोडून ॲसिटेटवरही, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाच्या क्षारावरही, हीच यारोविया वाढवली. २०१६ मध्ये त्यांनी दोन टाक्या जोडून दाखवल्या: पहिलीत मूरेला थर्मोॲसेटिका हा जिवाणू कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूचं ॲसिटेट करतो, दुसरीत यारोविया त्याचं तेल करते. लिटरमागे १८ ग्रॅम तेल त्यात निघालं. साखर अजिबात न वापरता.

यारोवियाचं तेल बाजारात खरोखर पोहोचलं ते इंधन म्हणून नव्हे. ड्यूपाँटने याच यीस्टमध्ये बाहेरची जनुकं घालून माशांच्या तेलातलं ओमेगा-३, म्हणजे ईपीए, बनवून घेतलं. त्या वाणाच्या तेलात ईपीए ५६.६ टक्के होतं. तिथे एक महत्त्वाचा भाग असा की पेक्स१० हे जनुक बंद केल्यावर फॅटी आम्लं जाळणारे पेरॉक्सिझोम हे पेशीतले कप्पे नीट बनेनासे झाले आणि ईपीए वाचलं. न्यू हार्वेस्ट नावाचं पूरक आणि व्हर्लासो नावाचा पाळीव सामन, ज्याच्या खाद्यात हे यीस्ट घातलं जाई, अशी दोन उत्पादनं त्यातून निघाली. किलोला जास्त भाव मिळणारं तेल असेल तर २७ टक्क्यांचा उतारा पुरतो.

महाराष्ट्रातले विद्यार्थी मला दरवर्षी एकच विचारतात: मग आपल्याकडच्या मळीवर हे का करत नाही? प्रश्न चांगला आहे आणि उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. यारोविया ग्लुकोज, ग्लिसरॉल, तेल आवडीने खाते, पण उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, तिला मुळात खाताच येत नाही. ती फोडणारं इन्व्हर्टेज तिच्याकडे नाही. पावाच्या यीस्टचं ते जनुक बसवावं लागतं, आणि ते बसवून दाखवलेलंही आहे. दुसरं, मळीत साखरेबरोबर नायट्रोजनही येतो, आणि नायट्रोजन असेपर्यंत तेल साठत नाही हे वर पाहिलंच. म्हणून मळी नुसती पातळ करून ओतायची, असं चालत नाही. आधी मोजायचं.

आपल्याकडे मात्र एक वाण आहे ज्याचा मला अभिमान वाटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात ३५८९ क्रमांकाचं यारोविया लिपोलिटिका ठेवलेलं आहे. ते मुंबईच्या तेलाने माखलेल्या समुद्राच्या पाण्यातून वेगळं केलेलं आहे, आणि पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी ते वापरलेल्या तळणीच्या तेलावर वाढवून त्यातून बायोडिझेलयोग्य तेल निघतं का याचा अभ्यास केला आहे. वडापावच्या गाडीवर दिवसभर तापलेलं काळं तेल, जे टाकायचं कुठे हा प्रश्न असतो, ते या वाणाचं अन्न होऊ शकतं. तिथे साखर विकत घ्यावी लागत नाही. तयार फॅटी आम्लं आत येतात, त्यांच्यासाठी नवे एनएडीपीएच फारसे लागत नाहीत, आणि वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. यंदाच्या वर्गाला मी तोच मांडायला दिला आहे: तळणीच्या तेलातलं एक किलो आत गेलं तर यीस्टच्या पोटात किती उरेल, आणि किती पेशी जाळून टाकेल. पेक्स१० चा धडा त्यांना तिथे लागेल.